ग्रीक नगरदेवता आणि त्यांना वाहिलेले अर्पणलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथेन्सच्या संग्रहालयात मूर्तींसमोर गर्दी असते आणि बाजूला ठेवलेल्या कोरीव चौथऱ्यांकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर मूर्ती कुणी दिली, कशासाठी दिली, पैसा कुठून आला, हे सगळं त्या चौथऱ्यावरच लिहिलेलं असतं. हे पान त्या लेखांबद्दल आहे. शिवाय ज्यांच्या पायाशी ते उभे राहिले, त्या शहराची राखण करणाऱ्या देवतांबद्दलही आहे.

अर्पणलेख म्हणजे नेमकं काय?

देवाला वाहिलेल्या वस्तूवर किंवा तिच्या बैठकीवर कोरलेला मजकूर. बहुतेक वेळा तो एकाच ओळीचा असतो: अमक्याने, अमक्या देवाला, वाहिलं. ‘वाहिलं’ या अर्थाचं क्रियापदही जवळपास ठरलेलं, ‘अनेथेकेन’. जागा आणि पैसा असेल तर बापाचं नाव, गाव, धंदा यांची भर पडते. कोरलेल्या अक्षरांत पुष्कळदा लाल रंग भरत. आज पांढऱ्या संगमरवरावर जे डोळे ताणून वाचावं लागतं, ते तेव्हा लांबून दिसायचं.

जुन्या लेखांत वस्तू स्वतःच बोलते. बोस्टनच्या संग्रहालयात थीब्जची एक छोटी कांस्यमूर्ती आहे, जेमतेम वीतभर उंचीची, इ.स.पू. ७०० ते ६७५ च्या सुमाराची. तिच्या मांड्यांवर दोन ओळींचं पद्य कोरलंय. मान्तिक्लोसने मला आपल्या दशमांशातून रुपेरी धनुष्यवाल्या दूरवेधी देवाला वाहिलं. आता फोइबोस, तूही त्याला बदल्यात काही छानसं दे. फोइबोस म्हणजे अपोलो. या विषयाची सुरुवात करायला मला याहून चांगला लेख माहीत नाही, कारण पुढच्या हजार वर्षांत जे घडलं त्याचं बीज या दोन ओळींत आहे. मी दिलं, माझं नाव लक्षात ठेव, आता तुझी पाळी.

म्हणजे हा सरळसरळ देवाशी सौदा?

मान्तिक्लोस वाचला की तसं वाटतं. पण सौदा एकदा पुरा झाला की संपतो. हे नातं संपू द्यायचंच नसे. नवस फेडणारा माणूस फेडतानाच पुढच्या कृपेची वाट मोकळी ठेवायचा. देवाला आवडेल असं देणं आणि देवाने आवडेल असं परत करणं, हे चक्र फिरतं ठेवणं हाच भक्तीचा गाभा होता. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. देवासमोर हिशेब मांडणं हा अपमान आहे, ही कल्पना त्या समाजाची नव्हे.

काय काय वाहत असत?

मातीच्या पैशापासरी बाहुल्यांपासून अख्ख्या देवळापर्यंत काहीही. भांडी, आरसे, वस्त्रं, शिरस्त्राणं, ढाली, संगमरवरी तरुणींच्या मूर्ती. दोन प्रकार लेखांत वारंवार भेटतात. एक ‘दशमांश’, म्हणजे कमाईचा किंवा लुटीचा दहावा हिस्सा. दुसरा ‘पहिला हिस्सा’, म्हणजे पीक, मासळी किंवा धंद्यातली मिळकत आली की आधी देवाला काढून ठेवलेला वाटा.

नगरदेवता कोणत्या? प्रत्येक शहराची वेगळी असायची का?

शहराची म्हणून एक प्रमुख देवता असे आणि तिचं ठाणं बहुधा गडावर किंवा शहराच्या सीमेवरच्या मोठ्या देवस्थानात. अथेन्सच्या गडावर अथीना पोलिआस, म्हणजे नगराची अथीना. आर्गोस आणि सामोस यांची हेरा, एफेससची आर्टेमिस. ‘पोलिआस’, ‘पोलिऊखोस’ ही बिरुदं नगर सांभाळणारी याच अर्थाची. तिच्या जोडीला झ्यूस पोलिएउसही असायचा, पण अथेन्समध्ये तरी मान तिचा.

अथेन्सची पूज्य मूर्ती म्हटली की गडावरच्या पार्थेनॉन या देवळातला, फिडियस या शिल्पकाराने घडवलेला सोन्या-हस्तिदंताचा भव्य पुतळा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात पूजेचा खरा मान होता ऑलिव्हच्या लाकडाच्या एका जुन्या मूर्तीला. ती आकाशातून पडली, असं पॉसानिअस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी सांगतो. पानाथेनिया उत्सवात विणलेलं वस्त्र नेसवत ते या लाकडी देवीला. फिडियसचा पुतळा पाहायला लोक येत. नवं लुगडं मात्र तिचं.

अथीना जर अथेन्सची राखणदार, तर स्पार्टामध्ये तिची पूजा कशी?

हा प्रश्न विचारणारा माणूस बरोबर जागी अडखळलेला असतो. स्पार्टाच्या गडावरही अथीना होती, बिरुदही तेच, फक्त स्थानिक उच्चारात: अथीना पोलिआखोस. तिथे दामोनोन नावाच्या माणसाने उभारलेला एक लांबलचक लेख सापडलाय. त्याने रथांच्या शर्यती जिंकल्या होत्या. आज हयात असलेल्यांपैकी कुणीही जिंकल्या नसतील अशा जिंकल्या, हे तो देवीला पहिल्याच ओळींत ऐकवतो. मग शर्यतींची यादी सुरू होते: कुठे जिंकलो, किती वेळा, लगाम स्वतःच्या हातात होता, घोड्या आपल्याच पागेतल्या आणि आपल्याच घोड्यापासून झालेल्या. मुलाचे विजयही आहेत. अर्पणलेखात एवढी बढाई चालते का? चालते. देवीच्या अंगणात लावलेला लेख देवी वाचते आणि येणारे-जाणारेही वाचतात.

मूळ प्रश्नाचं उत्तर असं, की देवता एक असली तरी तिचं ठाणं, पुजारी, मूर्ती आणि हक्काचे भक्त वेगळे. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक प्रसंग दिलाय. डोरियन आणि अखाइयन या ग्रीकांच्या दोन शाखा, आणि स्पार्टावाले डोरियन समजले जात. स्पार्टाचा राजा क्लेओमेनेस अथेन्सच्या गडावर देवीच्या गाभाऱ्याकडे निघाला, तेव्हा पुजारीण उठली आणि म्हणाली, परत फिर, डोरियन माणसाला इथे प्रवेश नाही. राजा म्हणाला, बाई, मी डोरियन नाही, अखाइयन आहे. पळवाट हुशारीची होती, पण तेवढ्याने त्याचं साधलं नाही; त्याला अथेन्स सोडावंच लागलं.

फक्त श्रीमंतच अर्पण करायचे ना?

मुळीच नाही, आणि अक्रोपोलिसवरचे, म्हणजे अथेन्सच्या गडावरचे, लेख वाचायचं हेच सगळ्यात मोठं कारण. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेने गड जाळला. परतल्यावर अथेन्सवासीयांनी तुटलेल्या मूर्ती आणि चौथरे गडावरच्याच भरावात पुरले. देवाला दिलेली वस्तू मोडली तरी देवाचीच. ती बाहेर फेकता येत नाही. १८८० च्या दशकातल्या उत्खननात तो ढीग वर आला आणि त्याबरोबर गडाच्या जुन्या भक्तांची हजेरीच.

त्यात एका दगडावर एवढंच आहे: स्मिकिथे, परटीण, हिने दशमांश वाहिला. बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. नाव आणि धंदा. लोकांचे कपडे धुऊन मिळवलेल्या पैशातला दहावा भाग तिने शहराच्या देवीला दिला आणि स्वतःच्या नावाने दिला.

नाव्लोखोस नावाच्या एकाने तरुणीची मूर्ती वाहिली, ‘सोन्याच्या त्रिशूळाच्या सागरस्वामीने’ दिलेल्या मासळीतला पहिला हिस्सा म्हणून. गंमत अशी की मासळी दिली पोसायडनने आणि मूर्ती गेली अथीनेच्या गडावर. पकडीचं श्रेय ज्याचं त्याला, पण वाटा गावच्या देवीला! नेआर्खोसची मूर्ती तर आज संग्रहालयातल्या सर्वात उंच स्त्रीमूर्तींपैकी एक. घडवणारा अँटेनोर, देणारा बहुधा कुंभार. मातीच्या भांड्यांच्या धंद्यातून दोन मीटरचा संगमरवर उभा राहू शकत होता, हे अथेन्सच्या अर्थव्यवस्थेबद्दल पुष्कळ काही सांगून जातं.

बायकांना स्वतःच्या नावाने अर्पण करता यायचं का?

स्मिकिथेचं उदाहरण वर आलंच. डेलोस बेटावर त्याहून बरीच जुनी निकांद्रेची मूर्ती सापडली, इ.स.पू. ६५० च्या आसपासची. आता ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलीय. पुरुषभर उंचीची, फळीसारखी सपाट, आर्टेमिसला वाहिलेली. निकांद्रे स्वतःची ओळख देते ती दाइनोदिकेसची मुलगी, दाइनोमेनेसची बहीण, फ्राक्सोसची बायको अशी. बाप, भाऊ, नवरा तिघेही आले, तरी वाहणारी तीच आणि वाक्याचा कर्ताही तीच.

नगरदेवतेच्या सेवेत तर बायकांचं स्थान पक्कं होतं. अथीना पोलिआसची पुजारीण एका ठरावीक कुळातून, एतेओबूताद घराण्यातून येई आणि तहहयात पदावर राहू शके. लिसिमाखे नावाच्या पुजारिणीने ६४ वर्षं सेवा केली. तिच्या पुतळ्याच्या बैठकीवर ही वर्षं कोरलेली आहेत. याउलट अथीना नाइकेची, म्हणजे विजयाच्या अथीनेची, पुजारीण निवडायची ती सर्व अथेनियन बायकांमधून, असा लोकसभेचा ठराव दगडावर मिळतो: वर्षाला ५० द्राख्मा (चांदीची नाणी), शिवाय सार्वजनिक बळींच्या तंगड्या आणि कातडी. घराणं नाही, निवड. लोकशाही देवळाच्या दारापर्यंत पोचली होती ती अशी.

युद्धातली लूट देवाला का द्यायची? आणि लेखावर नाव कुणाचं?

लूट देण्याचं कारण उघड आहे: जिंकून देणारा देव, तेव्हा त्याचा वाटा. भांडण पेटायचं ते नावावरून.

इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातेआला इराण्यांचा पराभव झाल्यावर ग्रीकांनी डेल्फीच्या अपोलोला सोन्याची तिवई वाहिली. तिच्याखाली एकमेकांभोवती वेटाळलेल्या तीन सापांचा कांस्यस्तंभ. सेनापती होता स्पार्टाचा पॉसानिअस (प्रवासी पॉसानिअस वेगळा, सहाशे वर्षांनंतरचा). त्याने त्यावर परस्पर स्वतःचं द्विपद कोरवून घेतलं: ग्रीकांच्या सेनानायकाने, मीडांची (म्हणजे इराण्यांची) फौज बुडवून, फोइबोसला हे स्मारक वाहिलं. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, स्पार्टाने ते लगेच खरवडून काढलं आणि त्या जागी मिळून लढलेल्या शहरांची नावं कोरवली. तो स्तंभ रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. इस्तंबूलच्या जुन्या शर्यतमैदानात तो आजही उभा आहे, सापांची डोकी गेलेला, पण वेटोळ्यांवरची ३१ शहरांची नावं अजून वाचता येतात. एका माणसाचं नाव पुसून शहरांची लिहिली गेली, हे या सगळ्या विषयातलं माझ्या मते सर्वात बोलकं खोडकाम आहे.

नाव टाळण्यातही राजकारण असे. ऑलिम्पियाला पायोनिओसने घडवलेल्या नाइकेवर, म्हणजे विजयदेवतेच्या मूर्तीवर, मेसेनियन आणि नॉपाक्टियन यांनी ‘शत्रूंकडून’ घेतलेला दशमांश वाहिल्याचं लिहिलंय. कोणते शत्रू? मेसेनियनांचं म्हणणं प्रवासी पॉसानिअसने नोंदवलंय, की स्पार्टाच्या धाकाने नाव घातलं नाही.

आणि नाव मुद्दाम वगळण्याचा कळस अलेक्झांडरचा. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रानिकोसची लढाई जिंकल्यावर त्याने ३०० चिलखती संच अथेन्सच्या अथीनेला पाठवले. लेख असा: फिलिपचा मुलगा अलेक्झांडर आणि ग्रीक, लॅकेडायमोनियन (म्हणजे स्पार्टावाले) सोडून, यांनी आशियात राहणाऱ्या बर्बरांकडून. मोहिमेत न आलेल्या स्पार्टाला एवढा झणझणीत टोला दुसऱ्या कुठल्या मार्गाने देता आला नसता.

राजे दुसऱ्यांच्या नगरदेवतेला का पूजत?

मन जिंकायला. प्रिएने शहरात अथीना पोलिआसचं देऊळ होतं. त्याच्या भिंतीच्या टोकाचा दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजा अलेक्झांडरने देऊळ अथीना पोलिआसला वाहिलं, एवढंच त्यावर आहे. एफेससने मात्र आर्टेमिसच्या देवळावर त्याचं नाव येऊ दिलं नाही. एका देवाने दुसऱ्या देवाला अर्पण करणं शोभत नाही, असं गोड उत्तर तिथल्या माणसाने दिल्याचं स्ट्राबो सांगतो.

देवीच्या खजिन्यावर लक्ष कोण ठेवायचं?

दरवर्षी बदलणारे खजिनदार. इ.स.पू. ४३४ पासून अथेन्समध्ये त्यांच्या याद्या दगडावर सापडतात: किती सोन्याच्या वाट्या, किती चांदीच्या, वजन किती. जुने खजिनदार नव्यांच्या ताब्यात मोजून देत. अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या डेलियन संघातल्या शहरांच्या खंडणीचा साठावा हिस्सा अथीनेचा होता. इ.स.पू. ४५४ नंतर तोही वर्षानुवर्षं दगडावर नोंदला गेला. गमतीची बाब ही, की संघाच्या खंडणीचा इतिहास आज आपण ज्या याद्यांवरून लिहितो, त्या फक्त देवीच्या वाट्याच्या याद्या आहेत.

शहर अडचणीत आलं की देवीकडून कर्ज काढायचं. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धातल्या कर्जांचा हिशेब दगडावर आहे, व्याजासकट. इ.स.पू. ४२६ नंतरचा दर पाच टॅलेंटमागे (एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा) रोज एक द्राख्मा, म्हणजे सालीना सुमारे १.२ टक्के. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने तर युद्धाच्या सुरुवातीला लोकांना सांगितलं होतं, फिडियसच्या पुतळ्यावर ४० टॅलेंट सोनं आहे, काढता येण्याजोगं. शहराच्या रक्षणासाठी वापरा, पण नंतर तेवढंच परत घाला. पुढे लाखारेस या हुकूमशहाने ते सोनं काढलं.

लहान अर्पणांची गर्दी झाली की ती वितळवत. इ.स.पू. २२१ च्या सुमारास अथेन्सने ‘वैद्य वीर’ या देवतेची चांदीची अर्पणं वितळवून सुंदर मद्यपात्र करायचं ठरवलं. पण अट घातली: ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांची नावं आणि वजनं दगडावर कोरा. वस्तू गेली तरी चालेल, देणाऱ्याचं नाव जाता कामा नये.

शहराला वेढा पडला तर देवी काय करायची?

कधी निघून जायची. इराणी चालून आले तेव्हा गडावरच्या पवित्र सापाने त्या महिन्याची मधाची पोळी खाल्ली नाही. पुजारिणीने हे जाहीर केल्यावर लोक शहर सोडायला अधिक राजी झाले, असं हेरोडोटस सांगतो. चरित्रकार प्लुटार्कला यात अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याचा हात दिसतो आणि मलाही तोच संशय आहे. त्रोइझेनमध्ये सापडलेला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘थेमिस्टोक्लीसचा ठराव’ म्हणतो की शहर अथीनेच्या हवाली करावं. दगड मात्र घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी कोरलेला, त्यामुळे शब्द मूळचेच आहेत का यावर वाद आहे.

कधी देवी पाऊस पाडायची. ऱ्होड्स बेटावर लिंडोस गाव, त्याच्या गडावर अथीना लिंडिया. इराणचा राजा दारयवहू याच्या आरमाराने वेढा घातला, गडावरचं पाणी संपत आलं. अथीनेने गावच्या एका प्रमुखाला स्वप्नात धीर दिला: मी वडिलांकडे पाणी मागते. गावकऱ्यांनी इराण्यांकडे पाच दिवसांची मुदत मागितली. पाऊस न आल्यास गड देऊ. सेनापती दातिस हसला. दुसऱ्या दिवशी गडावर काळा ढग दाटला आणि पाऊस कोसळला. दातिसने आपला झगा, गळ्यातलं कडं, बांगड्या आणि तलवार देवीला पाठवून तह केला. शत्रूकडून अर्पण घेणं हा नगरदेवतेचा सर्वात मोठा पराक्रम.

ही लिंडोसची गोष्ट खरी आहे का?

ती इ.स.पू. ९९ मध्ये कोरलेल्या शिळेवर आहे. शिळा १९०४ मध्ये डॅनिश संशोधकांना सापडली आणि सध्या कोपनहेगनला आहे. ती कोरायचं कारण ठरावातच दिलंय: बहुतेक जुनी अर्पणं त्यांच्यावरच्या लेखांसह काळाने नष्ट झाली. म्हणून दोघांना काम दिलं, जुने ग्रंथ आणि पुजाऱ्यांची पत्रं चाळून यादी करा. त्यांपैकी तिमाखिदास हा विद्वान.

यादीत हेराक्लीसच्या ढाली आहेत, हेलेनच्या बांगड्या आहेत, फिनिशियन अक्षरं कोरलेला काद्मोसचा हंडा आहे, आणि प्रत्येकापुढे कुठल्या लेखकाने नोंदलं तेही आहे. पुराणकथेला एवढी काटेकोर तळटीप क्वचितच कुणी जोडली असेल. हे थोतांड म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण उतावीळ होईल. इजिप्तच्या अमासिस राजाने दिलेलं तागाचं चिलखत यादीत आहे आणि ते हेरोडोटसलाही माहीत होतं. इ.स. पहिल्या शतकात प्लिनी लिहितो, की म्युकिआनस या रोमन अधिकाऱ्याने ते पाहिलं होतं. एकेका दोऱ्यात किती तंतू आहेत ते मोजून बघणाऱ्या हौशी लोकांमुळे त्याच्या चिंध्याच उरल्या होत्या. तेव्हा शिळेवरचं काही खरं, काही गावाला हवं असलेलं. अर्पणांनी गावाला भूतकाळ दिला होता; ती गेल्यावर गावाने तो लिहून काढला.

भारताशी याचा काही धागा आहे का?

आहे, पण तो जपून धरावा. विदिशाजवळ बेसनगरला तक्षशिलेच्या अंतिआल्किदस राजाचा ग्रीक दूत हेलिओदोरस याने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. महाराष्ट्रात तर यवन दात्यांचे लेख बरेच; ‘यवन’ किंवा ‘योणक’ हा तेव्हा ग्रीकांसाठीचा शब्द. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं ‘योणक’ इंद्राग्निदत्ताचं. हे सगळे वंशाने ग्रीक होते का, यावर एकमत नाही, आणि नावांवरून ठरवायला जाऊ नये. लेखांची घडण मात्र ओळखीची वाटते: नाव, गाव, वस्तू, दान. फरक हेतूत आहे. मान्तिक्लोस देवाकडून परतफेड मागतो. कार्ल्याचा यवन ज्या परंपरेत दान करतो तिथे फळ पुण्याच्या रूपात येतं, बुद्धाने उलट काही पाठवायचं नसतं.

हे कधी थांबलं?

एका दिवसात नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओडोसिअसच्या कायद्यांनी बळी आणि देवळातली पूजा बंद केली. पार्थेनॉन पुढे चर्च झालं. पाचव्या शतकात तिथला पुतळा हलवला गेला, तेव्हा तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या स्वप्नात एक स्त्री आली आणि म्हणाली, घर आवरून ठेव, अथेन्सची स्वामिनी तुझ्याकडे राहायला येतेय. ही हकिकत त्याचा शिष्य मारिनस सांगतो.

ग्रीक येत नाही, तरी संग्रहालयात काही वाचता येईल का?

येईल. शब्दांत मोकळी जागा नसते, तेव्हा आधी ‘अनेथेकेन’ शोधा. त्याच्या आसपास एक नाव देणाऱ्याचं आणि एक देवतेचं. अथेन्सच्या लेखात आणखी एक खूण मिळते. त्यातल्या दीर्घ ‘ए’साठी जुन्या अथेनियन लिपीत वेगळं अक्षर नव्हतं, तो साध्या ‘ए’नेच लिहीत. इ.स.पू. ४०३ मध्ये शहराने आयोनियन वर्णमाला अधिकृत केली, त्यानंतर तिथे इंग्रजी एचसारखं दिसणारं अक्षर येतं. खासगी लेखांत ते थोडं आधीही डोकावतं. तेवढी सूट ठेवली तर समोरचा दगड त्या सालाच्या अलीकडचा की पलीकडचा, हे फलक न वाचता बहुतेक वेळा सांगता येतं.